न शिवता भाजणारी वीज

तंजावर जिल्ह्यातल्या कळिमेडूला २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे उत्सवाचा रथ उच्चदाबाच्या तारेला लागला आणि ११ जण दगावले. अशा बातमीनंतर तार किती उंच होती, शटडाउन घेतलं होतं का, हे विचारलं जातं. रास्तच आहे. पण त्यातून एक समज पक्का होतो, की हात लागला तरच धोका. कारखान्याच्या पॅनलरूममध्ये माणूस काही न शिवताही होरपळतो.

चालू पॅनलमध्ये पाना निसटून बसबारवर पडला, की दोन फेजमधल्या हवेतूनच वीज वाहू लागते. हा आर्क फ्लॅश. तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकतं. तांब्याची वाफ होऊन ती हजारो पट फुगते, म्हणून नुसता जाळ नाही, स्फोटच होतो. अंगात पॉलिएस्टरचा शर्ट असेल तर तो वितळून कातडीला चिकटतो.

राल्फ ली यांनी १९८२ मध्ये या भाजण्याचं गणित मांडलं. आज हिशेब बहुधा आयईईई १५८४ या मानकानुसार होतो. उघड्या कातडीवर दर चौरस सेंटिमीटरला १.२ कॅलरी उष्णता पडली, की फोड येण्याइतकं भाजतं. पॅनलपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे काम करणाऱ्याची छाती जिथे असते तिथे, किती कॅलरी पोचतील हे काढायचं. करंट तोच धरला तर सगळा खेळ वेळेचा. ५० मिलिसेकंदांत ट्रिप झालं तर २ कॅलरी, अर्धा सेकंद लागला तर २०.

म्हणूनच ‘आमचं तर ४१५ व्होल्टच आहे’ या बोलण्याला अर्थ नाही. माझ्या मते सगळ्यात वाईट जागा ट्रान्सफॉर्मर आणि मेन ब्रेकर यांच्या मधली. तिथला फॉल्ट मेन ब्रेकर तोडूच शकत नाही, कारण फॉल्ट ब्रेकरच्या मागे, पुरवठ्याच्या बाजूला असतो. तोडायचा तो ११ हजार व्होल्टच्या बाजूच्या रिलेने, आणि इकडचे २५,००० अँपिअर त्याला जेमतेम हजार दिसतात. तो सावकाश उठतो.

त्यात रात्रपाळीला मशीन सारखं ट्रिप होतं म्हणून कुणीतरी रिलेचं सेटिंग वाढवतं. पॅनलच्या दारावरचा कॅलरीचा आकडा त्या क्षणी खोटा ठरतो, आणि तो पाहून निवडलेला संरक्षक सूट कमी पडू शकतो. सेटिंग, केबल किंवा ट्रान्सफॉर्मर बदलला की हिशेब पुन्हा करावा लागतो. तोवर त्या पॅनलवर चालू लाइनीत काम नको.