हात वर करणारी माणसं

मार्शल म्हटलं की आपल्याला विधान भवन आठवतं. चौघं मिळून एका आमदाराला उचलून बाहेर नेताहेत आणि तो अधांतरी असतानाही घोषणा देतोय. मुंबईकराला फार तर रस्त्यात थुंकल्याची पावती फाडणारा क्लीन-अप मार्शल आठवेल. व्यावसायिक गोल्फस्पर्धेतला मार्शल या दोघांच्याही जातकुळीतला नाही. त्याला कुणाला उचलता येत नाही, दंड करता येत नाही, खेळाबाबत निवाडा देता येत नाही. निवाड्याला वेगळे पंच असतात. पगार तर नाहीच. उलट अमेरिकेतल्या बहुतेक स्पर्धांत अंगावरच्या गणवेशाचे पैसे तो स्वतःच्या खिशातून भरतो. त्याच्याकडे आहेत ते दोन हात. ते त्याने डोक्यावर उचलले की माणसांनी गप्प व्हायचं.

आणि माणसं होतात. वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदार हातातला दंड उंचावतात आणि इतका वेळ चाललेला टाळमृदंगांचा गजर थांबतो, त्याचीच आठवण यावी. फरक इतकाच, की वारीत एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते आणि चोपदार तिच्याकडे जाऊन विचारपूस करतात. गोल्फमध्ये तक्रारीची अशी सोय नाही. तिथे मधेच वाजतो तो कुणाचा तरी मोबाइल.

ही कला सगळ्यात कठीण कुठे जाते, तर ॲरिझोनात. फिनिक्सला लागून असलेल्या स्कॉट्सडेलमध्ये टीपीसी स्कॉट्सडेल नावाचं मैदान आहे. वाळवंटात हिरवे पट्टे अंथरावेत तसं. फिनिक्स ओपन १९८७पासून इथे भरते. स्पर्धा त्याहून जुनी, १९३२ची. १९३९पासून ती ‘द थंडरबर्ड्स’ ही स्थानिक संस्था चालवते. २०१८ साली आठवडाभरात ७,१९,१७९ माणसं आली, त्यातली २,१६,८१८ एकट्या शनिवारी. एवढी गर्दी दोरीच्या अलीकडे ठेवायची, आणि दोरी तरी कसली, खुंट्यांना बांधलेली, गुडघ्याच्या जरा वर येणारी.

मार्शलांची विभागणी साधी असते. प्रत्येक होलचा एक कॅप्टन. काहीजण टीवर, म्हणजे पहिला फटका मारतात तिथे, काही ग्रीनभोवती, म्हणजे होलाचं भोक असतं त्या हिरवळीभोवती, काही प्रेक्षकांनी मैदान ओलांडायच्या वाटेवर, रेल्वे फाटकावरच्या गेटमनसारखे दोरी सोडत-बांधत. खरं जोखमीचं काम मात्र मधल्यांचं, चेंडू पडतो तिथल्या माणसांचं. आपल्याकडच्या जुन्या क्लबांत या माणसाला ‘आगेवाला’ म्हणत. खेळाडूच्या पुढे जाऊन उभा राहतो, चेंडू कुठे पडला ते हेरतो, तो आगेवाला. मला हा शब्द मार्शलपेक्षा कितीतरी नेमका वाटतो.

मी स्वतः हे काम एकदाच केलंय, तेही एका लहानशा स्पर्धेत, अर्ध्या दिवसाच्या पाळीला. कॅप्टन बाईंनी दोन मिनिटांत सगळं सांगितलं: चेंडूला हात लावायचा नाही, खेळाडूशी आपणहून बोलायचं नाही, सही मागायची नाही, आणि टाळ्या जपून. मग मला टीपासून पावणेतीनशे यार्डांवर, झुडपांच्या कडेला उभं केलं. तिथून टीवरची माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी. सव्वाचार सेंटिमीटरचा चेंडू हवेत दिसतो ही माझी समजूत पहिल्याच फटक्याला गेली. दिसतो तो टीवरच्या मार्शलचा हात. त्याने दोन्ही हात उजवीकडे झुकवले की आपण उजवीकडे कान लावायचे. हो, कानच. आधी ‘थप्’ ऐकू येतं, मग डोळ्यांना गवत हललेलं कळतं.

तिसऱ्या जोडीच्या वेळी चेंडू माझ्यामागच्या झुडपात गेला. मी धावलो, आणि धावलो हीच चूक. पाय टेकवणार तोच बुटापासून वीतभर अंतरावर तो पांढरा दिसला. एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिलो, हातातली छोटी निशाणी कशीबशी वाकून रोवली. पाय पडला असता तरी खेळाडूला दंड नव्हता. बाहेरच्या माणसाने हलवलेला चेंडू नियमाप्रमाणे होता तिथे परत ठेवतात. पण नेमका कुठे होता, ते सांगायची पाळी माझ्यावर आली असती. खेळाडू आला, निशाणी पाहिली, मान हलवली आणि फटका मारून निघून गेला. त्या मान हलवण्यावर मी दुपारचं सँडविच फार समाधानाने खाल्लं.

या शोधाशोधीत एक खुबी आहे. चेंडू शोधायला आता फक्त तीन मिनिटं मिळतात. २०१९पूर्वी पाच मिळत. पण घड्याळ सुरू होतं ते खेळाडू किंवा त्याची बॅग वाहणारा कॅडी शोधू लागल्यावर. ते चालत पोचेपर्यंत आगेवाला जे शोधतो ते फुकटात.

चेंडूची दुसरी बाजूही आहे. २०१८च्या रायडर कप स्पर्धेत, पॅरिसजवळ, ब्रूक्स केपका या खेळाडूचा चेंडू लागून एका प्रेक्षक महिलेची एका डोळ्याची दृष्टी गेली. टीवरचे हात बाजूला झुकलेले दिसले की डोकं झाकायला का ओरडतात, ते यावरून कळावं.

फिनिक्सच्या गर्दीचं मात्र वेगळंच. १९९९मध्ये टायगर वुड्सचा चेंडू तेराव्या होलवर एका शिळेमागे जाऊन थांबला. शिळा साडेचारशे किलोच्या आसपासची. जमिनीत रुतलेला नसेल तर दगड केवढाही असो, बाजूला करता येतो, असा पंचांनी निर्वाळा दिला, आणि प्रेक्षकांतल्या डझनभर गड्यांनी ती शिळा ढकलून दिली. गर्दी आवरायला मार्शल नेमायचे आणि गर्दीनेच खेळाडूची वाट मोकळी करायची! गंमत म्हणून ठीक. मार्शल म्हणून त्या दिवशी तिथे उभं राहायला मला आवडलं नसतं.

आणि सोळावं होल. १६३ यार्डांचं, पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपावं असं, एरवी साधंच. पण चारही बाजूंनी उंच गॅलऱ्या, माणसं वीस हजारांच्या घरात. पहाटे फाटक उघडताच जागा धरायला लोक पळत सुटतात. इथे ग्रीन चुकली तर खेळाडूची हुर्यो उडते. १९९७मध्ये वुड्सने इथे एका फटक्यात चेंडू होलात घातला तेव्हा बिअरचे पेले उडाले. २०२२मध्ये सॅम रायडरने तेच केल्यावर तर बिअरचे डबे आणि पेले यांचा पाऊस पडला आणि ते वेचून होईपर्यंत खेळ थांबला. २०२४मध्ये पावसाने गवताचे उतार चिखल झाले, सगळी गर्दी वाटांवर आली आणि शनिवारी फाटकं बंद करून दारूविक्रीही थांबवावी लागली. काही खेळाडू प्रेक्षकांशी भांडले.

अशा वेळी लोक मार्शलांना बोल लावतात. मला ते अन्यायाचं वाटतं. स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये ‘द ओपन’ या स्पर्धेला आसपासच्या क्लबांचे सभासद एकेक होल वाटून घेतात, तिथली गर्दीही बरीचशी गोल्फ खेळणारी, तिला हात कशासाठी वर होतो ते ठाऊक असतं. स्कॉट्सडेलला निम्मे लोक जत्रेला आलेले. जत्रेतल्या माणसाला फुकटचा स्वयंसेवक किती आवरणार? तिकिटं किती विकायची आणि बिअर किती वेळ ओतायची, हे काही तो ठरवत नाही.

तरी सोळाव्याला लागूनच सतरावं आहे. तिथल्या टीवर एखादा निवृत्त गृहस्थ ऊन टोपीवर घेत उभा असतो. मागच्या गॅलरीतून हुर्यो येते, लगेच कुणाच्या तरी नावाचा घोष. इथे खेळाडू चेंडू ठेवून सरळ उभा राहतो. गृहस्थ दोन्ही हात वर करतो. दोरीपलीकडची शंभरेक माणसं बोलणं थांबवतात, एक पोरगा हातातला पेला खाली ठेवतो, आणि मागचा गोंगाट आहे तसाच चालू असतो.