मेहकरची शीळ आणि पुतण्याची गिटार

दिवाळीला आमचे घर भरले म्हणजे भांडणाला विषय शोधावा लागत नाही. एके वर्षी अनारसा जाळीदार कोणाचा यावरून दोन जावा भाऊबिजेपर्यंत अबोल्याने वावरल्या होत्या. यंदा वसुबारसेच्या संध्याकाळी जे पेटले ते गाण्यावरून, आणि त्याला निमित्त झाला आमच्या माळ्यावरचा ग्रामोफोन.

मेहकरला आमचे जुने घर आहे. भिंती जाड, खिडक्या लहान, आणि माळा मात्र रेल्वेचे गोदाम शोभावे असा. (रेल्वे मेहकरला अजूनही आलेली नाही, जालना-खामगाव मार्गाच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तो विषय काढला तर लेख तिकडेच जाईल.) यंदा माळा झाडायला काढला, तेव्हा जुन्या गाद्यांच्या खालून चावीची पेटी आणि जाड कागदाच्या पाकिटांतल्या पंधरा-सोळा तबकड्या निघाल्या. आमच्या धाकट्या बंधूंना शहरातला एक सजावटवाला माहीत होता. हॉटेलाच्या दारात शोभेला ठेवायला त्याला असल्या पेट्या हव्या असतात म्हणे. बंधूंनी दर विचारायला मोबाइल काढला, आणि अण्णा, म्हणजे आमचे थोरले बंधू, वय वर्षे ब्याऐंशी, आरामखुर्चीतून गरजले, “ठेव तो खाली!”

आता दुसऱ्या पक्षाची ओळख करून द्यायला हवी. आमचा पुतण्या पुण्याला इंजिनियर आहे. मुलगा गुणी, पण बारा महिने काळा सदरा घालतो. यंदाच्या सदऱ्यावर एक त्रिकोण होता. त्यात एका बाजूने पांढरा किरण शिरत होता आणि दुसऱ्या बाजूने सहा रंग बाहेर पडत होते. आत्याला वाटले, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाचा असावा. तो निघाला ‘पिंक फ्लॉइड’ नावाच्या इंग्रज वाद्यवृंदाच्या तबकडीच्या वेष्टनावरचा लोलक. हा मुलगा 2019 च्या डिसेंबरात ‘यू टू’ नावाच्या आयरिश मंडळींचे गाणे ऐकायला नवी मुंबईच्या मैदानात तासन् तास उभा राहिला होता. सत्यनारायणाच्या पूजेला याला अर्धा तास मांडी घालवत नाही, हे आमच्या वहिनींचे जुने दुःख आहे.

“ती पेटी विकू नका, हे मलाही पटतं,” पुतण्या म्हणाला. “पण अण्णा, खरं सांगा, त्या तबकड्यांतलं गाणं आज कोण ऐकतं? आमचं संगीत बघा. ही सदऱ्यावरची तबकडी 1973 सालची. अमेरिकेतल्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या पहिल्या दोनशेंच्या यादीत 1988 पर्यंत ती एकूण 741 आठवडे होती. माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधीची, आणि मी ती रोज ऐकतो. टिकणं म्हणतात ते हे!”

“विक्रीवरून टिकाऊपणा ठरवायचा असेल,” अण्णा म्हणाले, “तर मिठाला भारतरत्न द्यायला हवं.”

पुतण्याने हार मानली नाही. त्याने बीटल्स काढले. लिव्हरपूलची चार पोरे. 1960 साली एकत्र आली, 1970 साली फुटली. दहा वर्षांचा संसार! त्यांच्यातला लेनन 1980 साली मारला गेला, हॅरिसन 2001 साली वारला. तरी 2023 च्या नोव्हेंबरात त्यांचे नवे गाणे निघाले. लेननने घरी पियानोवर म्हणून ठेवलेल्या जुन्या कॅसेटमधून त्याचा आवाज यंत्राने वेगळा काढला, आणि हयात असलेल्या दोघांनी बाकीची साथ भरली. “मेलेला माणूस गातो, अण्णा!”

“यात नवल ते काय?” अण्णा म्हणाले. “आमच्या पेटीत सगळेच मेलेले गातात.” आणि त्यांनी पाकिटांच्या ढिगातून एक तबकडी काढून हळूच धोतराने पुसली. कडेपासून मधल्या चकतीपर्यंत केसासारखी एक चीर गेली होती. तबकडी होती जी. एन. जोशी यांनी गायिलेल्या ‘शीळ’ची.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, म्हणून थोडे विषयांतर करतो. ‘शीळ’ ही कविता आमच्या न. घ. देशपांड्यांची. नागोराव घनःश्याम देशपांडे. जन्म 1909 चा, बुलढाणा जिल्ह्यातल्याच सेंदुरजनचा. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली केली ती मेहकरला, आणि सन 2000 मध्ये गेले तोवर ते मेहकरचेच राहिले. मुंबईला जाऊन कंपूत शिरणे, सभा गाजवणे, हे त्यांना जमले नाही की रुचले नाही, कोण जाणे. ‘शीळ’ संग्रह निघाला 1954 साली, म्हणजे गाणे घरोघर पोहोचल्यावर वीस-बावीस वर्षांनी! ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 1986 चा. रानातून आलेल्या प्रियकराच्या शिळेने एका खेडवळ तरुणीच्या जिवाची जी उलघाल होते, तेवढेच या कवितेत आहे. बोलीही तिच्या तोंडी शोभेल अशीच. आमच्याकडच्या ज्वारी-कपाशीच्या शेतातून संध्याकाळी चालत आलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

गाणारे जी. एन. जोशीही 1909 चेच, आणि तेही कायदा शिकलेले. म्हणजे एका वकिलाचे शब्द आणि दुसऱ्या वकिलाचा गळा! 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ने ही तबकडी काढली आणि ती महाराष्ट्रभर गाजली. मराठी भावगीताचा तबकड्यांवरचा संसार इथून सुरू झाला असे मानतात. त्या वेळी तबकडी म्हणजे मुख्यत्वे नाटकातली पदे आणि खयाल. बोलपट तर नुकता येत होता, ‘अयोध्येचा राजा’ 1932 चा. बालगंधर्व आणि दीनानाथ मास्तरांच्या त्या राज्यात एक साधी, घरगुती गळ्याला झेपणारी कविता शिरली आणि ठाण मांडून बसली.

का बसली? इथेच आमच्या घरच्या वादाला खरा रंग चढला. अण्णांचे म्हणणे, शब्द चांगले होते म्हणून. पुतण्या म्हणाला, “शब्द चांगले असलेल्या हजार कविता पडून आहेत. मायक्रोफोन आला म्हणून हे झालं.”

मला वाटते, पोराच्या बोलण्यात तथ्य आहे. 1925 च्या सुमारास ध्वनिमुद्रण विजेवर होऊ लागले. त्यापूर्वी गाणाऱ्याला भोंग्यात तोंड घालून ओरडावे लागे, आणि रंगभूमीवर तर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकल्याशिवाय गतीच नव्हती. कानाशी कुजबुजावे तसे गाणे मायक्रोफोनमुळे शक्य झाले, आणि भावगीत म्हणजे दुसरे काय आहे? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत, म्हणून आलाप-ताना आटोपत्या घेणे आले, कडवी निवडणे आले. कवितेचे गाणे झाले ते त्या लाखेच्या चकतीने घालून दिलेल्या मापात. आणि पुतण्याची गिटार? तीही विजेचीच लेक. अण्णा जिला ‘कर्णकर्कश’ म्हणतात आणि ज्याला ‘हळुवार’ म्हणतात, ती दोन्ही एकाच आईची लेकरे आहेत, हे मी बोलून दाखवले. तेव्हा दोन्ही पक्ष माझ्यावरच उलटले. मध्यस्थाचे नशीब असेच असते.

पण माझ्याजवळ आणखी एक गोष्ट होती, आणि ती ऐकून पुतण्या प्रथमच गप्प झाला. हे जी. एन. जोशी पुढे त्याच कंपनीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. देशातल्या थोर थोर गवयांना त्यांनी मायक्रोफोनपुढे आणून बसवले. त्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या आहेत. 1967 साली शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार यांना एकत्र बसवून ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी निघाली. काश्मीरच्या दरीतला एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत रागांतून मांडलेला. तिच्यामागे हेच जोशी होते. पाश्चात्त्य तरुणांत ती तबकडी अतोनात चालली. आणि पुढच्याच वर्षी, 1968 च्या जानेवारीत, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन मुंबईला त्याच कंपनीच्या स्टुडिओत येऊन ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करून गेला. साथीला होते तेच शिवकुमार आणि तेच हरिप्रसाद! त्याच मुक्कामात त्याने बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ या गाण्याचे वाद्यसंगीतही उरकून घेतले. त्यानंतर महिन्याभरात ही मंडळी ऋषिकेशला पोहोचली, ते वृत्तपत्रांतून सर्वांना कळलेच.

“म्हणजे मेहकरच्या कवितेपासून बीटल्सपर्यंत मध्ये एकच माणूस?” पुतण्या म्हणाला. इतके सरळ नाही, हे मी त्याला सांगितले; पण त्याला ते तसेच आवडलेले दिसले.

अण्णा मात्र खूश होण्याऐवजी खिन्न झाले. त्यांनी ती चिरलेली तबकडी उजेडात धरली आणि विचारले, “पुतण्या, तुझ्या त्या गाण्यांचे शब्द कोणाचे?”

“लेननचे, मॅकार्टनीचे. वॉटर्सचे. म्हणजे गाणाऱ्यांचेच.”

“तेच म्हणतो मी. तुमच्यात लिहिणारा, चाल लावणारा, वाजवणारा सगळे एकाच बाकावर. टाळ्या वाजल्या की सगळ्यांना वाजतात. आमच्यात काय होतं? लोक म्हणतात, जी. एन. जोशींची ‘शीळ’. शब्द ज्याचे, तो इथं पैनगंगेच्या काठी वकिली करतो आहे, हे निम्म्या महाराष्ट्राला माहीत नव्हतं. गाणं टिकलं हो, पण कोणाचं म्हणून टिकलं?”

यावर कोणी काही बोलेना. माझ्या मनात मात्र आले की या व्यवस्थेला दुसरीही बाजू आहे. बीटल्सची गाणी दुसऱ्या कोणी म्हटली की चाहते नाक मुरडतात. तिथे गाणे आणि गळा यांची गाठ सुटत नाही. आमच्या भावगीताला मात्र कोणाही गळ्यात उतरायला संकोच वाटला नाही. 1940 नंतर गजाननराव वाटव्यांनी भावगीत चौकाचौकांत नेले, ते ऐकून मुली घरी येत आणि पाटावरवंट्याशी तीच चाल गुणगुणत. कवीचे नाव त्या वाटेवर कुठेतरी सांडले असेल. गाणे सांडले नाही. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, ते कवीने सांगायचे, आम्ही नव्हे. आणखी एक खरे बोलायचे तर, टिकलेल्या गाण्यांवरून जुन्या काळाची थोरवी ठरवण्यात लबाडी आहे. त्या ढिगातल्या बाकीच्या पंधरा तबकड्यांपैकी आठ-नऊ मी नावानेसुद्धा ओळखल्या नाहीत. पिंक फ्लॉइडच्या वर्षी निघालेल्या इतर वाद्यवृंदांचेही तेच झाले असणार.

तबकडी लावून बघावी असे ठरले. चावी फिरली, पण सुई नव्हती. आणि असती तरी त्या चिरेवर ती चालली असती असे वाटत नाही. तेव्हा अण्णा म्हणाले, “शांते, तू म्हण. आई म्हणायची तसं.”

आत्या चुलीवरची, म्हणजे गॅसवरची, चकली सोडून यायला तयार नव्हती. “तुम्हीच या की स्वयंपाकघरात. तेल तापलंय, बाप्पा!” म्हणाली. तेव्हा आम्ही सगळे पुरुष, जन्मात पहिल्यांदाच असेल, तळणाच्या वेळी स्वयंपाकघरात जाऊन पाटांवर बसलो. पुतण्याने मोबाइल पुढे केला, आवाज भरून घ्यायला. आत्याने झारा हातात धरूनच सुरुवात केली. आवाज ऐंशीचा आहे, थरथरतो. पण सुराला पक्का. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिने एक वळण घेतले, आणि अण्णांनी हात वर केला.

“चुकलीस. तबकडीत तिथं खाली येतं. तू वर गेलीस.”

“आई अशीच म्हणायची.”

“आई तबकडीवरूनच शिकली होती.”

“शिकली असेल. पण म्हणायची अशीच.”

पुतण्या उत्साहाने म्हणाला, “थांबा, मूळ तबकडी मोबाइलवर मिळेल, लगेच निकाल लावू.” त्याचे बोट काचेवर गेलेही होते. आत्याने झारा कढईच्या कडेला ठेवला.

“लावू नकोस रे,” ती म्हणाली. “आईचं कुठं भरून ठेवलंय कोणी? ऐकलं तर मला तेच आठवत राहील.”

पुतण्याने मोबाइल पालथा ठेवला. अण्णांनी काही वेळ काळ्याशार तबकडीकडे पाहिले आणि म्हणाले, “बरं, वरून जा. पुन्हा म्हण ते कडवं.” तेवढ्यात चकल्यांचा घाणा करपल्याचा वास आला, आणि आत्या कढईकडे धावली.