सायकलचा मागचा शॉक बदलताना

डोंगरवाटेने उतरताना सायकलचे मागचे चाक दगडावर आदळते आणि तो हादरा थेट कमरेत पोचतो. असे वारंवार होऊ लागले, की सायकलस्वाराच्या मनात नवा शॉक घेण्याचा विचार येतो. मग दुकानांत आणि इंटरनेटवर शोध सुरू होतो आणि बहुतेक वेळा परवडेल तेवढा महाग शॉक पसंत केला जातो. घोळ नेमका इथेच होतो. ज्या सायकलींना पुढे आणि मागे अशी दोन्हीकडे धक्के झेलण्याची सोय असते, त्या 'फुल सस्पेन्शन' माउंटन बाइकचा मागचा शॉक हा फ्रेमच्या रचनेचाच एक भाग असतो. फ्रेमला न जुळणारा शॉक कितीही उंची असला, तरी तो सायकलची चाल बिघडवतो. प्रसंगी फ्रेमलाही इजा करतो. त्यामुळे पैसे मोजण्याआधी मापे मोजणे केव्हाही श्रेयस्कर.

माउंटन बाइकचा खेळ १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरिन परगण्याच्या टेकड्यांवर रुजला. त्या सायकलींना शॉक नव्हते. धक्के झेलण्याचे तंत्र पुढे मोटारसायकलींकडून आले. आज या क्षेत्रात आघाडीवर असलेल्या दोन कंपन्यांपैकी 'फॉक्स' १९७४मध्ये मोटोक्रॉस मोटारसायकलींच्या शॉकपासून सुरू झाली, तर 'रॉकशॉक्स' १९८९मध्ये खास सायकलींसाठी स्थापन झाली.

आधी दुरुस्ती, मग खरेदी

शॉकमध्ये दोन गोष्टी काम करतात. स्प्रिंग वजन पेलते आणि दबल्यावर शॉकला पुन्हा वर ढकलते. ही स्प्रिंग पोलादी असेल किंवा नळकांड्यात कोंडलेल्या हवेची. दुसरा भाग म्हणजे डँपर. यात बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते आणि त्यामुळे शॉकच्या हालचालीचा वेग आटोक्यात राहतो. डँपर निकामी झाला, की सायकल घोड्यासारखी उसळू लागते.

शॉकमधून हवा गळणे, दांड्यावर तेल दिसणे किंवा दबताना फसफस असा आवाज येणे, ही बहुधा झिजलेल्या सीलची लक्षणे असतात. रॉकशॉक्ससारख्या कंपन्या हवेच्या नळकांड्याची देखभाल दर ५० तासांच्या वापरानंतर करण्यास सांगतात. सह्याद्रीतील पावसाळी चिखलात सायकल चालवणाऱ्यांनी तर हा नियम अधिकच काटेकोरपणे पाळायला हवा. बऱ्याचदा सील आणि तेल बदलले, की जुना शॉक पुन्हा नीट काम करू लागतो. मागच्या भागात खडखड होत असेल, तर शॉकच्या टोकांचे बुश आणि फ्रेमच्या सांध्यांतील बेअरिंगही तपासावीत. पुष्कळदा दोष त्यांच्यात असतो आणि खापर मात्र शॉकवर फुटते.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. शॉक दबलेल्या स्थितीतच अडकून बसला असेल, तर तो घरी उघडू नये. आत कोंडलेल्या हवेच्या दाबाने भाग सुटून उडू शकतात. डँपरमधील नायट्रोजनही उच्च दाबाखाली असतो. ही कामे जाणकार कारागिरावरच सोपवावीत.

दोन मापांचा मेळ

शॉक बदलायचाच ठरला, तर दोन मापे हवीत. पहिले लांबीचे. शॉक पूर्ण ताणलेला असताना एका टोकाच्या छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्या टोकाच्या छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर म्हणजे ही लांबी. दुसरे माप स्ट्रोकचे, म्हणजे शॉक जास्तीत जास्त किती दबतो याचे. उघडा दिसणारा दांडा मोजून स्ट्रोक ठरवू नये. तो शॉकवरील छापील मजकुरावरून किंवा सायकलच्या माहितीपुस्तिकेवरून घ्यावा.

जुन्या फ्रेमवर २०० बाय ५७ किंवा २१६ बाय ६३ मिलिमीटर अशी मापे आढळतात. ती मुळात इंचांतली. २०१६मध्ये रॉकशॉक्सने मेट्रिक मापे आणली आणि २१० बाय ५५, २३० बाय ६५ अशी नवी मालिका रूढ झाली. याच मालिकेत 'ट्रनियन' नावाचा प्रकार आहे. त्यात वरच्या टोकाला छिद्र नसते. शॉकच्या दोन्ही बाजूंनी बोल्ट बसतात. त्याची लांबी २५ मिलिमीटरने कमी असते, म्हणजे २१०च्या ठिकाणी १८५. ट्रनियनची फ्रेम आणि साध्या छिद्राची फ्रेम यांचे शॉक एकमेकांत बसत नाहीत.

तरफेचे गणित

'दहा मिलिमीटरने काय बिघडते?' असे वाटणे स्वाभाविक आहे. समजा, आपल्या सायकलचे मागचे चाक १४० मिलिमीटर वर-खाली होते आणि शॉकचा स्ट्रोक ५७ मिलिमीटर आहे. १४०ला ५७ने भागले, की सुमारे २.४६ येतात. हे तरफेचे गुणोत्तर. शॉक एक मिलिमीटर दबतो, तेव्हा चाक सरासरी अडीच मिलिमीटर हलते. या सायकलला २००ऐवजी २१० मिलिमीटरचा शॉक बसवला, तर सायकलची मागची बाजू सुमारे २५ मिलिमीटर उचलली जाईल. पुढच्या काट्याचा कोन उभा होईल आणि तीव्र उतारावर हँडल चंचल होईल.

लांबी तीच, पण स्ट्रोक अधिक असा शॉक घेण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात धोका मोठा. पूर्ण दबल्यावर टायर सीटखालच्या नळीवर घासू शकतो किंवा फ्रेमचे जोड एकमेकांवर आदळू शकतात. उत्पादकाने मान्यता दिली असेल, तरच हा बदल करावा.

हवा की पोलाद?

हवेचा शॉक हलका असतो आणि पंपाने दाब बदलून तो स्वाराच्या वजनानुसार जुळवता येतो. त्यासाठी खास उच्च दाबाचा पंप लागतो. टायरचा पंप चालत नाही. हवेचा शॉक शेवटाकडे आपोआप कडक होत जातो. पोलादी स्प्रिंगचा शॉक काहीशे ग्रॅमने जड असतो; पण लहान खड्ड्यांवर तो अधिक मऊ चालतो आणि लांब उतारावर तापूनही त्याच्या वागण्यात फारसा फरक पडत नाही. मात्र ज्या फ्रेमची रचना शेवटी स्वतःहून कडक होत नाही, तिच्यावर पोलादी स्प्रिंगचा शॉक शेवटच्या टप्प्यात धाडकन आपटतो. काही फ्रेममध्ये शॉक लांब जोडपट्टीला अडकवलेला असतो. तिथे दांड्यावर आडवा ताण येतो आणि तो वाकू शकतो.

पोलादी स्प्रिंग निवडताना वजनाचा हिशेब मांडावा लागतो. सामानासह स्वाराचे वजन ८० किलो असेल आणि त्यातील ६५ टक्के भार मागे येतो असे धरले, तर तो ५२ किलो होतो. २.४६ने गुणल्यावर शॉकवर सुमारे १२८ किलो, म्हणजे २८२ पौंड भार पडतो. नुसते बसल्यावर शॉक स्ट्रोकच्या ३० टक्के, म्हणजे १७ मिलिमीटर दबावा, अशी अपेक्षा असते. त्यानुसार इंचाला सुमारे ४२० पौंड ताकदीची स्प्रिंग लागते. हा अंदाज आहे. पक्के उत्तर प्रत्यक्ष बसूनच मिळते.

किरकोळ वाटणारे, पण मोलाचे

शॉक फ्रेमला जोडणाऱ्या बुशची रुंदी आणि बोल्टची जाडी दोन्ही टोकांना वेगवेगळी असू शकते. ती कॅलिपरने मोजावी. शॉकला जोडलेली तेलाची छोटी टाकी फ्रेमच्या नळीला किंवा पाण्याच्या बाटलीला लागणार नाही ना, हेही पाहावे. त्याचबरोबर डँपरचा 'ट्यून' विचारावा. एकाच नावाचे दोन शॉक कारखान्यातूनच निरनिराळ्या कडकपणाचे येतात. दुसऱ्या सायकलवरून काढलेला स्वस्त शॉक घेताना नेमकी हीच बाब नजरेतून सुटते.

शॉक बसवल्यावर लगेच डोंगराकडे धाव घेऊ नये. प्रथम हवा सोडून, अथवा स्प्रिंग काढून, मागचे चाक हाताने शेवटपर्यंत वर दाबावे आणि काही कुठे घासत नाही याची खात्री करावी. नंतर योग्य दाब भरून किंवा स्प्रिंग लावून, रोजच्या पेहरावात आणि सामानासह सायकलवर बसावे व शॉक किती दबतो ते मोजावे. बोल्ट माहितीपुस्तिकेत दिलेल्या ताकदीनेच आवळावेत आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत.

या तयारीला फार तर एक संध्याकाळ लागते. मापांचा कागद हातात असला, की दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा आपल्या फ्रेमची गरज आपल्याला अधिक नेमकी ठाऊक असते. मग मधल्या किमतीचा, पण अचूक मापाचा शॉकही उतारावर भरवशाची साथ देतो.