रक्षकाची शिटी आणि नागरिकाचा रविवार

सुट्टीच्या दिवशी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक आणि पर्यटक यांची जी गाठ पडते, तिची सुरुवात बहुधा शिटीने होते आणि शेवट कुरबुरीने. कोणी माकडापुढे केळे धरलेले असते, कोणी तीन दगड मांडून चूल पेटवण्याच्या तयारीत असतो, कोणी पायवाट सोडून ओढ्याकडे उतरू लागलेला असतो. लांबून शिटी वाजते आणि पाठोपाठ 'अहो, तिकडे कुठे? मागे फिरा!' असा दरडावणीचा आवाज येतो. तिकीट काढून आत आलेला गृहस्थ दुखावतो. बायकामुलांदेखत आपला पाणउतारा झाला असे त्याला वाटते. 'आम्ही काय फुकट आलो आहोत?' असे तो विचारतो. रक्षकापाशी उत्तर एकच असते : 'वरून हुकूम आहे.' दोघेही आपापल्या परीने खरे असतात आणि दोघेही चिडून आपापल्या वाटेने जातात.

प्रसंग क्षुल्लक आहे. वर्तमानपत्रात त्याची बातमी होत नाही, वनखात्याच्या दप्तरात त्याची नोंद राहत नाही. तथापि असे शेकडो क्षुल्लक प्रसंग साठत जाऊन एका गंभीर प्रश्नाचे रूप घेतात. सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचे हे अरण्य मुंबई आणि ठाणे या दोन महानगरांच्या मधोमध उभे आहे. मुंबईला पाणी पुरवणारे विहार आणि तुळशी हे तलाव त्याच्याच कुशीत आहेत. पहिला १८६० साली पुरा झाला, दुसरा १८७९ साली. कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी येथे आहेत, बिबट्यांची वस्ती आहे. ताडोबा किंवा मेळघाट पाहणे ज्याच्या खिशाला परवडत नाही त्या कारकुनाला, शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला लोकलच्या भाड्यात पाहता येणारे जंगल हेच. या जंगलाला वेढणारी वस्ती उद्या त्याच्या बाजूने उभी राहणार की त्याच्याकडे पाठ फिरवणार, हे पुष्कळसे येथे येणारा माणूस कोणती भावना घेऊन घरी परततो यावर अवलंबून आहे. आणि सरकारचे अरण्यविषयक धोरण त्या माणसाला मंत्रालयात भेटत नाही; ते खाकी गणवेशातील वनरक्षकाच्या रूपाने भेटते.

खाकीचा वारसा

हा रक्षक असा का वागतो हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. आपल्याकडील वनखाते पाहुण्यांच्या स्वागतासाठी जन्मलेच नव्हते. १८७८ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने जंगलांवरील आपला ताबा पक्का केला, तेव्हा रक्षकावर सोपवलेले काम सरकारी मालमत्ता सांभाळण्याचे होते. मोळी नेणारी बाई, गुरे चारणारा पोरगा, औतासाठी लाकूड तोडणारा शेतकरी हे सारे त्याच्या लेखी संशयित. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत, ते अशाच जुलमाबद्दल. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणी इतकी वाढली की, १८८५ साली मुंबई सरकारला त्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. बोरिवली त्या काळी ठाणे जिल्ह्यातच मोडत होती.

स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय उद्यानाची कल्पना रुजली आणि ज्या जनतेला बाहेर ठेवायचे तिलाच आत येण्याचे निमंत्रण मिळाले. रक्षकाचा गणवेश आणि त्याची संशयाची सवय मात्र तीच राहिली. बोरिवलीत त्या सवयीला आणखी एक कारण घडले. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर झोपड्या पाडणे, त्या पुन्हा उभ्या राहू न देणे या कामाला येथील कर्मचारी जुंपले गेले. वाट सोडून चाललेला माणूस दिसला की अशा कर्मचाऱ्याच्या मनात प्रथम शंकाच यावी, यात नवल नाही. उद्यानातील पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वारल्यांना तर हा हटकणारा रक्षक चांगलाच परिचयाचा आहे. पर्यटकाला जे रविवारच्या दोन तासांत खुपते, ते त्यांच्या नित्याच्या जगण्याचा भाग होऊन बसले आहे.

कायद्याची मर्यादा

वास्तविक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने पर्यटकाला घुसखोर मानलेले नाही. प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो ते या कायद्याच्या २८ व्या कलमात सांगितले आहे. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण आणि शास्त्रीय संशोधन यांच्या जोडीला तेथे पर्यटनाचाही स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा तिकीट घेऊन आलेला नागरिक कोणाच्या मेहेरबानीने आत आलेला नसतो.

परंतु त्याच कायद्याने त्या नागरिकावर बंधनेही घातली आहेत. प्राण्यांना त्रास देणे आणि कचरा टाकणे कलम २७ नुसार निषिद्ध आहे. जंगलाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे कलम ३० नुसार, तर परवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरणे कलम ३१ नुसार. अभयारण्यांसाठी केलेल्या या तरतुदी कलम ३५ ने राष्ट्रीय उद्यानांनाही लागू केल्या आहेत. म्हणजे वाळल्या गवतात मांडलेली चूल विझवायला लावणारा रक्षक आपली लहर चालवीत नसतो, संसदेने केलेला कायदा अमलात आणत असतो. ही गोष्ट त्याने सांगितली पाहिजे आणि पर्यटकाने ऐकून घेतली पाहिजे.

रक्षकाच्या अधिकारालाही सीमा आहे. परवाना दाखवण्यासाठी तो कोणालाही थांबवू शकतो. परवाना नसेल तर अटकही होऊ शकते. पण आपले नाव-पत्ता देऊन, समन्स आल्यास आपण हजर राहू अशी खात्री जो पटवून देतो, त्याला अटक करण्याचे कारण कायद्याने ठेवलेले नाही. गुन्ह्यात तडजोड करून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्याचा आहे, फिरतीवरील रक्षकाचा नव्हे. झाडाआड पावतीशिवाय पैसे मागणारा मनुष्य कायदा राबवीत नसून कायदा मोडत असतो.

या संदर्भात तरुण जोडप्यांचा उल्लेख टाळता येण्यासारखा नाही. राष्ट्रीय उद्यान असो वा नगरपालिकेची बाग, शिटीचा रोख पुष्कळदा त्यांच्याकडेच वळतो. एका खोलीत सहा माणसे राहतात अशा शहरात दोघांनी निवांत बोलायचे तरी कोठे? त्यांना नाव, कॉलेज आणि वडिलांचा फोन नंबर विचारला जातो, 'घरी कळवू' अशी धमकी दिली जाते आणि भीतीपोटी खिसा मोकळा होतो. दोन सज्ञान व्यक्तींनी बाकावर बसून बोलणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही. सार्वजनिक जागी असभ्य वर्तन केल्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ११० आहे आणि ते पोलिसांनी पाहायचे आहे. कोणाचे लग्न झाले आहे आणि कोणाचे नाही याची चौकशी वनरक्षकाच्या कामात बसत नाही. दिवेलागणीच्या सुमारास एकांतातील जागा सोडण्याची सूचना तो अवश्य देऊ शकतो. ते त्याचे कर्तव्यच आहे. मात्र ती सूचना जोडप्याला आणि कुटुंबाला एकाच शब्दांत मिळाली पाहिजे.

दुसरी बाजू

एवढे म्हटल्यावर रक्षकाची बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडली पाहिजे. पर्यटकाला तो फक्त रविवारी दिसतो. एरवी तो आपल्या नियतक्षेत्रात पायी फिरत असतो, उन्हाळ्यात जाळरेषा काढतो, वणवा लागला तर हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतो, शिकाऱ्यांनी लावलेले फासे शोधतो. हे काम जिवावरचे आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीचे काम करताना एका महिला वनरक्षकाने वाघिणीच्या हल्ल्यात प्राण गमावले. कर्तव्यावर असताना मृत्यू पावलेल्या अशा कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ देशात ११ सप्टेंबर हा वनहुतात्मा दिन पाळला जातो. किती पर्यटकांना तो ठाऊक असतो?

शिवाय ज्या नियमांचा राग येतो, त्यांच्यामागे बहुधा भक्कम कारण असते. हातातून खाऊ घेण्याची चटक लागलेले माकड पुढे पिशवी हिसकावू लागते, मुलांना चावते. आणि मग त्यालाच पकडून न्यावे लागते. खाद्यपदार्थांचा वास लागलेली प्लॅस्टिकची पिशवी हरणाच्या पोटात जाते आणि त्याचा घात करते. तिन्हीसांजेला बाहेर पडण्याची घाई केली जाते, कारण ती बिबट्याच्या वावराची वेळ आहे. २००४ च्या जून महिन्यात उद्यानाच्या आसपास बिबट्यांनी माणसांचे जे बळी घेतले, ते आठवणाऱ्या कर्मचाऱ्याला ओढ्यापाशी एकटे खेळणारे मूल पाहून शांत राहता येत नाही. त्याचा आवाज चढतो तो काळजीने. पण पर्यटकाच्या कानावर पडते ती केवळ दटावणी.

आणि पर्यटकही काही गरीब गाय नसतो. मोठ्याने गाणी लावणारे, बाटल्या फोडणारे, हटकल्यावर कोणा पुढाऱ्याचे नाव सांगून रक्षकालाच बदलीची भीती घालणारे महाभाग थोडे नाहीत. अशा दहा जणांशी गाठ पडली की अकराव्या सज्जनाशीही रक्षक त्याच सुरात बोलू लागतो.

अमेरिकेचा अनुभव

ज्या देशातून राष्ट्रीय उद्यानाची कल्पना जगभर गेली, त्या अमेरिकेलाही हा धडा सुखासुखी मिळालेला नाही. १८७२ साली यलोस्टोन उद्यान स्थापन झाले. पण त्याच्या राखणीसाठी १८८६ पासून लष्कर आणावे लागले आणि ते १९१८ पर्यंत तेथे होते. दरम्यान १९१६ साली राष्ट्रीय उद्यानांसाठी स्वतंत्र सेवा निर्माण झाली. १९२० च्या उन्हाळ्यात योसेमिटी उद्यानात पर्यटकांना बरोबर घेऊन झाडे, पक्षी, खडक समजावून सांगणारे निसर्गमार्गदर्शक नेमले गेले. पहारा करणाऱ्या रेंजरच्या शेजारी शिकवणारा मार्गदर्शक उभा राहिला आणि त्या सेवेविषयी लोकांना आपुलकी वाटू लागली.

ती आपुलकीही गृहीत धरता येत नाही, हे पन्नास वर्षांनी त्याच योसेमिटीत दिसले. ४ जुलै १९७० रोजी तेथील एका कुरणावर तरुणांचा मोठा जमाव जमला होता. कुरण रिकामे करण्याचा हुकूम निघाला, घोड्यांवर बसलेले रेंजर जमावात घुसले, उलट दगड-बाटल्यांचा मारा झाला आणि शंभराहून अधिक जणांची धरपकड झाली. जमावाशी कसे वागावे याचे शिक्षण त्या रेंजरांना मिळालेलेच नव्हते. त्यानंतर मात्र तेथील प्रशासनाने दोष केवळ तरुणांच्या माथी मारून गप्प न बसता रेंजरांच्या प्रशिक्षणाची पद्धतशीर व्यवस्था सुरू केली.

करण्यासारखे

आपल्याकडेही असे घडू शकते, याचा पुरावा बोरिवलीतच आहे. बिबट्या दिसला की पिंजरा लावा, ही लोकांची मागणी २०११ पर्यंत सर्रास होती. त्या वर्षी वनखात्याने अभ्यासक, पत्रकार आणि नागरिक यांना हाताशी धरून उद्यानाभोवतीच्या वस्त्यांत समजुतीची मोहीम उघडली. एक बिबट्या हलवला तर त्याच्या जागी दुसरा येतो, कचरा हटवला तर कुत्री कमी होतात आणि कुत्र्यांमागून येणारा बिबट्याही कमी येतो, अंधारात मुलांना एकटे सोडू नये, या साध्या गोष्टी लोकांना कारणांसह सांगितल्या गेल्या आणि लोकांनी त्या ऐकून घेतल्या. बिबट्यासारख्या भयप्रद विषयात जे साधले, ते केळे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बाबतीत साधू नये असे काही नाही.

त्यासाठी फार मोठा खर्च लागणार नाही. प्रत्येक नियमाच्या फलकावर त्याचे कारण एका ओळीत, सोप्या मराठीत लिहावे. रक्षकाच्या छातीवर त्याच्या नावाची पट्टी असावी, दंडाची छापील पावती द्यावी आणि तक्रारवही प्रवेशद्वारापाशी सहज हाती लागेल अशी ठेवावी. वनरक्षकांच्या प्रशिक्षणात कायद्याच्या कलमांबरोबर माणसांशी बोलण्याचाही अभ्यास असावा. ज्यांना येथले प्रत्येक झाड नावाने ठाऊक आहे, त्या पाड्यांवरील तरुण-तरुणींना मार्गदर्शक म्हणून पगारी कामे द्यावीत. त्यायोगे पर्यटकाला जाणता वाटाड्या मिळेल आणि ज्यांना आजवर संशयित मानले त्यांना जंगलाच्या राखणीत मानाची जागा मिळेल.

नागरिकांच्या वाट्यालाही काम येते, विशेषतः शिक्षकांच्या. शाळेची सहल नेण्यापूर्वी एक तास उद्यानाचे नियम आणि त्यांची कारणे समजावून देण्यात घालवला, तर पन्नास मुलांमागे पन्नास घरे शहाणी होतील. सहलीत एखाद्या रक्षकाला विनंती करून त्याच्या कामाविषयी चार शब्द बोलायला लावावे. जो माणूस एरवी केवळ 'नाही' म्हणताना दिसतो, तो पावलांचे ठसे कसे ओळखावेत हे सांगू लागला, की मुले त्याच्याभोवती गोळा होतात.

शिटी अजिबात वाजू नये असे कोणीही म्हणणार नाही. आग, पाणी आणि बिबट्या यांच्यापुढे ती वाजलीच पाहिजे. पण तिच्यामागून कारण सांगणारे दोन शब्द आले पाहिजेत. मुंबईसारख्या शहरात जमिनीचा भाव पाहता या अरण्यावर डोळा ठेवणाऱ्यांची वाण कधीच पडणार नाही. त्या वेळी त्याच्या बाजूने बोलायला जी माणसे लागतील, ती याच रविवारच्या गर्दीतून यायची आहेत. त्यांना दुखवून परत पाठवणे वनखात्याला परवडणारे नाही, आणि जंगलाला तर त्याहून नाही.