धावताना पोटाचे रक्त कुठे जाते?

नांदेड-लातूर भागात पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर गेलो, तर धावणारी मुले-मुली हटकून दिसतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याचा हा सराव. बहुतेक जण रिकाम्या पोटीच धावतात. तालमीतला वस्तादही भरल्या पोटी कुणाला मातीत उतरू देत नाही. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९६९ साली ‘महाराष्ट्र केसरी’चा मान मिळवला, कुस्तीची अशी परंपरा असलेल्या भागात हा नियम कुणाला शिकवावा लागत नाही. पण घरातली वडीलधारी माणसे तर जेवल्यावर शतपावली घाला म्हणतात. मग जेवणानंतर हालचाल करावी की करू नये? दोन्ही सल्ले बरोबर आहेत. ते कसे, हे आपण पाहू.

पाच लिटरांचा हिशेब

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. स्वस्थ बसलो असताना हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा, म्हणजे सव्वा ते दीड लिटर, जठर, आतडी, स्वादुपिंड, प्लीहा आणि यकृत यांच्या वाट्याला येतो. जेवणानंतर हा वाटा वाढतो. लहान आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रोहिणीतला प्रवाह अर्ध्या-एक तासात दुपटीपर्यंत जाऊ शकतो आणि तो दोन-तीन तास वाढलेला राहतो.

आता धावायला सुरुवात केली असे समजू. विश्रांतीत सुमारे एक लिटरवर भागवणारे स्नायू भरपूर प्राणवायू मागू लागतात. निरोगी तरुणाचे हृदय जोरात धावताना मिनिटाला २० लिटरपर्यंत रक्त ढकलते. त्यातले ८० टक्क्यांहून अधिक स्नायूंकडे जाते. पचनाच्या इंद्रियांना मात्र उरते अर्ध्या लिटरच्या आत-बाहेर. एकूण प्रवाह चौपट झाला, तरी पोटाचा पुरवठा निम्म्याहून कमी झाला!

टंचाईतले वाटप लातूरकरांना वेगळे समजावून सांगायला नको. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा आधी कुणाला आणि किती, हे ठरवूनच ते द्यावे लागत होते. शरीरात हे काम सूक्ष्म रोहिण्या करतात. त्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो. व्यायाम सुरू होताच अनुकंपी चेता नॉरॲड्रेनलिन हे रसायन सोडतात आणि पोटातल्या सूक्ष्म रोहिण्या आकसतात. राबणाऱ्या स्नायूंत मात्र कामातून तयार होणारे पदार्थ तिथल्या रोहिण्यांना रुंद करतात. एकीकडे तोटी आवळली जाते, दुसरीकडे ती मोकळी होते.

हे मोजले कसे?

धावणाऱ्या माणसाच्या पोटातले रक्त मोजायचे कसे? अमेरिकेत सिॲटल येथे लॉरिंग रोवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली एक युक्ती वापरली. एक हिरवा रंगपदार्थ रक्तात सोडला, तर तो फक्त यकृतच बाहेर काढते. तो किती वेगाने नाहीसा होतो, यावरून यकृतातून किती रक्त गेले याचा अंदाज येतो. आतड्यांतून निघालेले रक्त हृदयाकडे परतण्याआधी यकृतातूनच जाते. त्यामुळे सगळ्या पचनेंद्रियांचा पुरवठा कळतो.

अशा प्रयोगांतून एक सोपा संबंध हाती आला. नाडी मिनिटाला ९०–१०० च्या वर जाऊ लागली, की पोटाचा पुरवठा घटू लागतो. नाडी जितकी चढते तितका तो आणखी उतरतो. म्हणजे मनगटावरची नाडी ही पोटात डोकावायची खिडकीच झाली. शतपावलीत नाडी फारशी चढत नाही, म्हणून पोटाचे काही बिघडत नाही. जोरात धावताना ती १६० च्या वर जाते आणि पचन रखडते.

मागे पडणाऱ्याचे पोट

शिक्षकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. पुरवठा किती घटेल, हे धावण्याच्या वेगावर ठरत नाही. तो वेग त्या मुलाच्या कुवतीच्या किती जवळ आहे, यावर ठरते. सराव असलेल्या मुलाची नाडी त्याच वेगाला कमी चढते आणि त्याच्या पोटाला जास्त रक्त मिळत राहते. सराव नसलेले मूल सर्वांत मागे असते, पण त्याच्याच पोटाची ओढ सर्वांत जास्त असते. मळमळले म्हणून थांबणारा विद्यार्थी आळशी आहे, असा शिक्का मारण्याआधी हे आठवावे.

त्यात आपल्याकडचे ऊन. मे महिन्यात नांदेड-लातूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो. अंग थंड ठेवण्यासाठी त्वचाही रक्त मागते आणि तो वाटाही पोटातूनच काढला जातो. घामाने शरीरातले पाणी घटले, की ओढाताण आणखी वाढते. आतडी काही काळ हे सोसतात. मिळेल त्या रक्तातून जास्त प्राणवायू शोषून घेतात. पण उन्हात दीर्घकाळ ताण राहिला, तर आतड्याचे अस्तर दुखावते आणि आतल्या जिवाणूंचे विषारी अंश रक्तात शिरू शकतात. उष्माघात गंभीर होण्यामागे हेही एक कारण मानले जाते.

वर्गात करून पाहा

विद्यार्थ्यांच्या जोड्या करा. बसून, शंभर पावले सावकाश चालून आणि मग मैदानाला एक फेरी धावून, अशी तीन वेळा नाडी मोजून फळ्यावर लिहा. हालचाल थांबताच १५ सेकंद मोजून चारने गुणावे. एकाच फेरीनंतर प्रत्येकाची नाडी किती वेगळी येते, हे मुलांनाच दिसेल. हा प्रयोग सकाळी करावा. आजारी मुलांना धावायला लावू नये.

शाळेत दुपारची खिचडी झाली, की लगेच खेळाचा तास ठेवणाऱ्या वेळापत्रकाकडेही एकदा पाहावे. पोटभर जेवणानंतर जोराच्या व्यायामाआधी दोन-तीन तास जाऊ द्यावेत. खेळाचा तास पहिल्या सत्रात घेतला, तर खर्च काहीच नाही, आणि मुलांचे पोट व पाय आपापली कामे निवांत करू शकतील.