उसातला बिबट्या आणि माणसाची जागा

जुन्नर वन विभागात 1993 पासून 2001च्या सुरुवातीपर्यंत बिबट्याचे माणसावर होणारे हल्ले वर्षाला सरासरी चार होते. मग जागोजागी पिंजरे लागले आणि पकडलेले सुमारे 40 बिबटे आसपासच्या जंगलांत नेऊन सोडण्यात आले. 2001 ते 2003 या काळात हल्ल्यांची वार्षिक सरासरी 17 झाली. जीव घेणाऱ्या हल्ल्यांचे प्रमाणही दुप्पट झाले. जीवशास्त्रज्ञ विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली हा हिशेब प्रसिद्ध केला. माणसाची निसर्गातली जागा कोणती, हा प्रश्न आपण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत शोधतो. जुन्नर-आंबेगावात तो पिंजऱ्याच्या दाराशी येऊन उभा राहिला.

बिबट्याचे घर जंगल, आणि उसात दिसला तो वाट चुकलेला, असे सगळेच धरून चालले होते. पकडून जंगलात सोडला की त्याचेही भले आणि गावाचेही, हा सरळ हिशेब होता. पण तो कोणी तपासला नव्हता. अत्रेय यांनी पशुवैद्यक आणि वन कर्मचाऱ्यांच्या मदतीने पकडलेल्या बिबट्यांच्या शेपटीच्या मुळाशी ओळखीची चिप बसवली, हल्ल्यांच्या जुन्या नोंदी लावल्या आणि विचारले, सोडल्यावर पुढे काय होते? विज्ञान म्हणजे मुळात हाच प्रश्न. ज्या उपायाबद्दल कोणालाच शंका नाही, त्यालाच तो आधी विचारायचा असतो.

उत्तर बिबट्याच्या स्वभावात होते. तो आपला मुलूख आखून राहणारा प्राणी आहे. परक्या रानात सोडला तर तिथली पाणवठ्याची जागा त्याला ठाऊक नसते, तिथे आधीचे बिबटे असतात, आणि तो परतीची किंवा दुसरीच वाट धरतो. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या विहिरीतून काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या हद्दीपर्यंत गेला. वाटेत त्याने माणसाला इजा केली नाही. इकडे, ज्या शिवारातून बिबट्या उचलला तिथली जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो.

हे शिवार त्याला सोयीचे केले ते आपणच. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे या धरणांमुळे कुकडी आणि घोडचे पाणी फिरले, ऊस वाढला. वर्षभर उभे राहणारे, दाट आणि थंड पीक, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. पलीकडच्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. ऊसतोडीत बछडे सापडतात. ते त्याच जागी क्रेटमध्ये ठेवले की रात्री आई येऊन नेते. जुन्नरमध्ये हे वारंवार घडले आहे. या मादीला ‘जंगलातून आलेली’ म्हणणे आता अवघड आहे. ती इथलीच आहे.

आंबेगावच्या पश्चिमेला चित्र निराळे. भीमाशंकर, आहुपे, हिरड्याची झाडे, महादेव कोळ्यांच्या वाड्या. सह्याद्रीतल्या अशाच रानांतल्या देवराया माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात वा. द. वर्तकांसोबत अभ्यासल्या. हार्वर्डहून शिकून आलेल्या या शास्त्रज्ञाने लोकांनी राखलेल्या रानाला पुरावा मानले. माणूस निसर्गाबाहेरचा राखणदारही नव्हे आणि घुसखोरही नव्हे, हे त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे सूत्र. त्यांच्या समितीच्या 2011च्या पश्चिम घाट अहवालात निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावा असा आग्रह आहे तो त्यामुळेच. 1972चा वन्यजीव कायदा रानाशेजारच्या माणसाला गुन्हेगार ठरवतो, अशी कडक टीका त्यांनी केली आणि अनेक वन्यजीवप्रेमींची नाराजी ओढवून घेतली.

अत्रेय सांगतात, बिबट्या हलवून प्रश्न सुटत नाही. गाडगीळांनी विचारले, मग बिबट्यासोबत राहण्याची किंमत कोण मोजतो? मला ही दोन म्हणणी एकमेकांची वैरी वाटत नाहीत. पहिल्याला टाळून दुसऱ्याचे उत्तर मिळणार नाही. पण नुसत्या पहिल्यावर थांबणे हा अन्याय आहे. ‘सहजीवन’ हा शब्द शहरात बसून उच्चारायला सोपा आहे; रात्री वीज येते म्हणून मोटर चालू करायला अंधारात उसाच्या कडेने जाणाऱ्याला तो तसा वाटत नाही. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यात लहान मुले होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. त्या रागाला अज्ञान म्हणणारा माणूस विज्ञान शिकलेला नाही. माणूस निसर्गाचा भाग आहे हे खरे असेल, तर उसाकडेच्या वस्तीवरची आईसुद्धा त्या निसर्गाचा भाग आहे आणि तिची भीती हीसुद्धा एक नोंद आहे.

मादी बिबट्यांची नसबंदी, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचा विस्तार, आणखी पिंजरे, असे बरेच बोलले जात आहे. काही उपाय लागतीलही, आणि माणसाला भक्ष्य करणाऱ्या एखाद्या जनावराला मारावेही लागेल. मात्र 2001चा धडा पुन्हा प्राण देऊन शिकण्याची गरज नाही. शेतीला दिवसा वीज, बंदिस्त गोठे, वस्तीजवळ उघडा कचरा नाही, ही मागणी गावे कधीपासून करत आहेत. आणि वन विभागाने प्रत्येक पिंजऱ्याची, पकडलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक बिबट्याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावी. ज्यांच्या शिवारात हा प्रयोग चालू आहे, त्यांना त्याचे निकाल आधी कळले पाहिजेत.