राजपुत्राच्या मागावर राजपुत्रच

१९८० च्या दशकाचा उत्तरार्ध. जॉर्डन मेकनर नावाचा अमेरिकी तरुण 'ॲपल टू' संगणकावर एकट्यानं एक गेम रचत होता. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्यानं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरवली. राजपुत्र इतका जिवंत झाला की बघत राहावं. पण सगळी मेमरी त्यानंच खाल्ली. शत्रूला जागाच उरली नाही! इकडे सहकारी टोमी पियर्स यांचं टुमणं चालूच : गेममध्ये झुंज हवी. मग शत्रू आणायचा कुठून?

राजपुत्रातूनच. संगणकाच्या लेखी चित्र म्हणजे शून्य आणि एक यांच्या रांगा. राजपुत्राचं चित्र किंचित सरकवून मूळ चित्राशी ताडायचं : दोन्हीकडे सारखं असेल तिथे अंधार, वेगळं असेल तिथे उजेड. बस्स! पडद्यावर एक भुताटकीसारखी लखलखती आकृती पळू लागली. नवं चित्र एकही काढावं लागलं नाही. १९८९ च्या 'प्रिन्स ऑफ पर्शिया'तला हा सावली-पुरुष आरशातून बाहेर येतो. त्याच्यावर वार केलात तर जखम तुम्हालाच होते. मग त्याला हरवायचं कसं? तलवार म्यान करायची आणि त्याच्यात मिसळून जायचं.

आता २००३ मध्ये या. युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओनं काढलेला 'द सँड्स ऑफ टाइम' सुरू होतो तो भारतात, एका महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्यानं. चुकलात तर खंजिरातल्या वाळूच्या जोरावर वेळ मागे फिरवा! महाराजाची मुलगी फराह आणि राजपुत्र यांची लाघवी नोकझोक, एखाद्या दास्तानसारखी निवेदनाची लय... लोक त्याच्या प्रेमातच पडले.

आणि पुढच्याच वर्षी 'वॉरियर विदिन' आला. राजपुत्राचा आवाज बदललेला, चेहऱ्यावर कायमचा राग, रक्ताचे सडे, मागे गॉडस्मॅक या बँडचं कर्कश हेवी मेटल. फराह नाही, ती लय नाही. खुद्द मेकनरनंही त्यातला हिंसाचार आणि कलेची दिशा आवडली नसल्याचं जाहीरपणे लिहिलं. निराशा रास्तच होती. ते संगीत मला आजही सोसत नाही. पहिल्या भागाला, म्हणजे 'द सँड्स ऑफ टाइम'ला, नवं रूप देण्याचं काम २०२० मध्ये पुण्या-मुंबईचे स्टुडिओ करत होते. दुसऱ्या भागाच्या वाट्याला असं कौतुक आलं नाही.

पण तो पुन्हा खेळून बघा, आवाज बंद करून हवं तर. त्याची रचना थक्क करते!

पहिल्या भागात राजपुत्रानं ती काळाची वाळू मोकळी केली तेव्हा त्याचं मरण ठरलेलं होतं, तो जगला. म्हणून काळाचा रखवालदार दहाका त्याच्या मागे लागलाय. सुटकेसाठी राजपुत्र एका बेटावर जातो : वाळू निर्माणच होऊ द्यायची नाही. तिथला किल्ला एकच, काळ मात्र दोन. वर्तमानात पडझड, झाडोरा. भूतकाळात तेच दालन झगमगतं, यंत्रं फिरताहेत. आज ढासळलेला जिना तेव्हा धड असतो, तेव्हा बंद असलेली भिंत आज फुटलेली असते. आमच्या भोपाळपासून ४५ किलोमीटरवर भीमबेटका आहे. वाकणकरांनी १९५७ मध्ये जगापुढे आणलेल्या त्या गुहांत एकाच शिळेवर निरनिराळ्या युगांची चित्रं एकमेकांवर रंगवलेली आहेत. हा किल्ला तसाच वाचायचा असतो.

आणि मग खरा धक्का. सुरुवातीला एक काळी आकृती राजपुत्राच्या मागे घुटमळत असते. दहाका झेप घेतो, पण सापडते ती आकृती आणि राजपुत्र निसटतो. पुढे तो काळाची सम्राज्ञी कायलीना हिला मारतो, आणि तिच्या मरणातूनच ती वाळू जन्मते! थांबवायला आला तेच त्याच्या हातून घडलं. आता एकच उपाय उरतो, एक मुखवटा. तो चढवला की माणूस भूतकाळात परततो, स्वतःच्याच मागोमाग. मुखवटा घातलेला राजपुत्र कसा दिसतो? त्या काळ्या आकृतीसारखा!

म्हणजे तासन्‌तास आधी तुम्ही ज्याला दचकलात, ते तुम्हीच होतात. तेच प्रसंग आता दुसऱ्या बाजूनं येतात, आणि दहाकाच्या तावडीत कोण सापडणार हे तुम्हाला ठाऊक असतं. या खेपेला मात्र तिथे जुन्या राजपुत्राला सापडू द्यायचं. १९८९ च्या सावलीला टंचाईनं जन्म दिला होता; इथे तीच कल्पना अख्ख्या कथेचा कणा झाली आहे. नावडत्या दुसऱ्या भागाला मी मूळ गेमचा खरा वारस मानतो तो यासाठी.

काळ मागे गेल्यानं कायलीना आता पुन्हा जिवंत असते, आणि शेवटही दोन आहेत. किल्ल्यात लपलेले आयुष्य वाढवणारे नऊच्या नऊ ठेवे शोधलेत, तर पाण्याची तलवार मिळते. दहाकाला पाणीच सोसत नाही, त्यामुळे त्या तलवारीनं त्यालाच संपवता येतं आणि कायलीना वाचते. नाही शोधलेत, तर तिच्याशीच लढावं लागतं आणि ती मरते. २००५ चा तिसरा भाग 'द टू थ्रोन्स' यातल्या पहिल्या शेवटापासून पुढे जातो. ज्यांनी ठेवे शोधलेच नव्हते, त्यांना नवा गेम लावताच आपण मारलेली कायलीना राजपुत्राच्या जहाजावर भेटली!